सर्वानुमते बर्फ

आधीच सांगून ठेवते, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते: यातला शब्दन् शब्द खरा आहे. चिमूटभर तिखट-मीठसुद्धा वरून घातलेलं नाही. खोटं निघालं तर भर मे महिन्यात माझ्या कूलरची मोटर जळो, माठाला चीर पडो आणि त्याच दिवशी पाहुणे सहकुटुंब मुक्कामाला येवोत. नागपुरात राहून याहून मोठी शपथ कोणाला ठाऊक असेल तर सांगा, तीही घेते.

तर, सन एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात सक्करदऱ्याच्या स्नेहवर्धन मंडळापुढं एक गंभीर प्रश्न उभा राहिला. वार्षिक सहल कुठं न्यायची? मंडळ मोठं शिस्तीचं. दरवर्षी हा प्रश्न उभा राहायचा, दरवर्षी त्यावर सभा व्हायची, आणि दरवर्षी सहल रामटेकला जायची. रामटेकची माकडंसुद्धा आता मंडळाला ओळखायला लागली होती. भैयाजी दिसले की आपणहून एका रांगेत बसायची.

भैयाजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. घरात पाणी मागायचं असलं तरी "विनंती की" अशी सुरुवात करायचे. त्यांनी मंडळाला एक नियम घालून दिला होता: ठराव सर्वानुमते झाल्याशिवाय चिवडा आतून बाहेर येणार नाही. या एका नियमामुळं मंडळात आजवर कोणाचं कोणाशी भांडण झालं नव्हतं. एकदा तर मंडळ बरखास्त करायचा ठरावसुद्धा चुकून सर्वानुमते पास झाला. चिवडा संपल्यावर ते लक्षात आलं, मग आणखी थोडा चिवडा मागवून तो सर्वानुमते मागं घेतला.

या वर्षी मात्र प्रयागबाई उभी राहिली.

"रामटेक बस झालं, भैयाजी. यंदा बर्फ पाहाले जाऊ."

भिंतीला टेकून तिचा नवरा रुपराव डुलक्या घेत होता, तोही जागा झाला.

"बर्फ?" भैयाजी म्हणाले. "थो त रसवंतीवर भेटते, बाई."

"थो नाही, जी. पहाडावरचा. वरून पडते थो."

आता हे खूळ प्रयागबाईच्या डोक्यात कोणी भरवलं, ते सांगायला पाहिजे. तिच्या जावेनं, सिंधूताईनं. सिंधूताई एकदा काश्मीरला गेली होती, आणि त्याला आठ वर्षं झाली तरी ती अजून परत आली नव्हती. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, अंगावर काश्मिरी शाल आणि तोंडात काश्मीर. नागपूरचं ऊन असं की माणसं खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडतात. त्या उन्हात ही बाई मांडवात शाल पांघरून, घामानं निथळत बसायची आणि म्हणायची, "तुमाले काय सांगू, वं! बर्फाले हात लावला नं, का असं वाटते..."

आणि इथंच थांबायची. कसं वाटतं, ते काही सांगायची नाही. बायका पुढं सरकून विचारायच्या, "कसं वाटते, वं?" तर ही डोळे मिटून मान हलवायची, जशी काही समाधीच लागली.

प्रयागबाईनं एकदा चोरून रसवंतीवाल्याच्या लादीला हात लावून पाहिला. तसं काही वाटलं नाही. हाताला लाकडाचा भुसा तेवढा चिकटला. तेव्हापासून तिचा पण होता: मरायच्या आधी एकदा खऱ्या बर्फाला हात लावायचा, आणि मग सिंधूताईच्या समोर बसून आपणही डोळे मिटायचे.

सभेत शालिकराम मास्तर उठला. हा शाळेत मुलांकडून कवायत करून घ्यायचा. शिट्टी गळ्यातच असायची, लग्नातही.

"नुसतं पाहून काय करता?" तो म्हणाला. "बर्फावर स्की करतेत. पायाले लांब पट्ट्या बांधाच्या, दोन्ही हातात काठ्या, आन् उतारावरून सर्रर्र!"

"तुमी केली हाय का, मास्तर?"

"कॅलेंडरवर पाह्यली हाय."

एवढा अनुभव मंडळात दुसऱ्या कोणाला नसल्यामुळं त्याची तांत्रिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. 'बर्फस्थळ निवड समिती' स्थापन झाली. कोणाची हरकत? कोणाची नाही. चिवडा आला. त्या दिवशी प्रयागबाईला चिवडासुद्धा गार लागला, इतकी ती खुश.

भैयाजींनी समितीला तत्त्व घालून दिलं. "मंडळ जाईन त आख्खं जाईन. एकही मानूस मागं राह्यला त थे सहल नाही, पलायन होय. म्हनून स्थळ असं निवडाचं का सगळ्याइले झेपलं पाह्यजे."

मंडळात माणसं चाळीसच्या वर. सायकलवर उमरेडला जाऊन येणारे जवान होते, आणि अंगणातून ओसरीवर यायला दोन माणसं लागणारे बापूजीही होते. प्रत्येकाची गरज विचारात घेणं आलं. समितीनं घरोघर जाऊन विचारलं.

बापूजी म्हणाले, "बर्फ चालन मले. पन थंडी नोको."

समितीनं लिहून घेतलं: बर्फ, थंडीविरहित.

इंदूबाईचे गुडघे धरलेले. ती म्हणाली, "उतार चालन, बापा. चढ नोको."

समितीनं लिहून घेतलं: उतार, चढ नसलेला.

शोभाताईला आठवड्यातून चार उपास. तिला साबुदाण्याची सोय हवी होती, आणि रात्री आपल्याच गादीवर झोपायचं होतं. रुपरावनं अर्धा डोळा उघडून सांगितलं, "जागा नरम पाह्यजे. मले दुपारून लवंडा लागते." खुद्द भैयाजींना ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी उंच ठिकाणी जायला मनाई केलेली. सबब स्थळाची उंची नागपूरपेक्षा जास्त नसावी.

"अवो, पहाड नागपुरापेक्षा उंच राहीनच नं!" प्रयागबाई म्हणाली.

"हे तुमचं वैयक्तिक मत झालं, बाई," भैयाजी शांतपणे म्हणाले.

मग समितीनं गुलमर्ग, कुफरी आणि मनाली अशी तीन स्थळं छाननीला घेतली. कोणी जाऊन आलं नव्हतं, त्यामुळं छाननी निःपक्षपाती झाली. गुलमर्गला उतार उत्तम, परंतु वर जाण्यासाठी चढ असल्याचं आढळून आलं. कुफरीला बर्फ आहे, परंतु सदर बर्फ थंड असल्याचं कळतं. मनालीत हे दोन्ही दोष एकाच जागी सापडले. तिन्ही स्थळं फेटाळण्यात आली.

प्रयागबाईचं तोंड उतरलं. मास्तरला तिची दया आली की आपल्या सल्लागारपणाची, ठाऊक नाही, पण मास्तरनं शिट्टी वाजवली.

"भैयाजी, आपली चूक होऊन राह्यली. कोनाले किती जमते हेच आपल्याले मालूम नाही. आधी परीक्षा घ्या. मंग स्थळ ठरवा."

ही गोष्ट भैयाजींना मनापासून पटली. सहलीच्या आधी परीक्षा, म्हणजे काम वाढणार. त्यांनी तिथल्या तिथं चार वर्ग पाडले. अ वर्ग: जे उभे राहून घसरू शकतात. ब वर्ग: जे घसरू शकतात, पण उभे राहू शकत नाहीत. क वर्ग: जे नुसतं पाहू शकतात. आणि ड वर्ग: ज्यांच्या वतीनं इतरांनी पाहायचं.

"पन परीक्षेले बर्फ कुठून आनता?" प्रयागबाईनं विचारलं.

हा प्रश्न रास्त होता, म्हणून त्यावर दोन सभा झाल्या. तिसऱ्या सभेत वसंतशेठ बोलले. वसंतशेठचं उमरेड रोडवर जिन होतं, कापसातून सरकी काढायचं. मंडळाच्या चिवड्याचे शेंगदाणे त्यांच्याकडून यायचे, म्हणून त्यांना मान होता.

"कायले बर्फ पाह्यजे, जी? आमच्या जिनात या. कापसाची गंजी लागली हाय, दोन माळ्याइतकी उंच. पांढरीफटक. पोट्टे दिवसभर घसरतेत तिच्यावरून."

"परीक्षेपुरतं चालन," मास्तर म्हणाला.

परीक्षेपुरतं. प्रयागबाईनं हा शब्द नीट ऐकला आणि गाठीला बांधला. कोणाची हरकत? नाही. चिवडा.

रविवारी मंडळ जिनावर पोचलं. ऊन चांगलं चटकत होतं, पण मास्तरचा हुकूम असा की सराव पूर्ण पोशाखात. त्यामुळं सगळ्यांनी स्वेटर, कानटोप्या, मफलर चढवलेले. शोभाताईनं तर वरून ब्लँकेट घेतलं होतं. पायाला बांधायला संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या, सुतळीनं आवळून. हातात काठ्या म्हणून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या. हात लावला की त्या मोडत. मास्तर म्हणाला, खऱ्या काठ्याही मोडतात, आतापासून सवय होईल. जिनावरचे मजूर कापूस भरायचं सोडून पाहत उभे राहिले. त्यांना वाटलं, कोणत्या तरी आजाराचे लोक हवापालटाला आणले असतील.

चढ नको म्हणून इंदूबाईला मजुरांनी कापसाच्या झोळीत घालून वर नेलं. वर गेल्यावर तिनं एकदाच खाली पाहिलं आणि जाहीर केलं, "मी अथीच राहातो. जेवन वर पाठवा." तिला क वर्ग मिळाला.

मग तांत्रिक सल्लागार प्रात्यक्षिक दाखवायला उभा राहिला. छाती पुढं, गुडघे वाकवलेले, अगदी कॅलेंडरसारखा. "पाहा, आता सर्रर्र!" म्हणाला आणि डोक्याकडून कापसात गेला. बाहेर फक्त दोन फळ्या उरल्या. आतून शिट्टी वाजत राहिली. त्यावरून मास्तर जिवंत असल्याचं समितीनं मान्य केलं. पाय धरून उपसला तेव्हा त्याच्या मिशांत सरकी अडकली होती. सल्लागार असल्यामुळं त्याला वर्गवारीतून वगळण्यात आलं.

एकामागून एक माणसं, सायकलवाले जवानसुद्धा, घसरली, लोळली, गडगडली; उभं कोणी राहिलं नाही. बापूजींना मजुरांनी खालीच कापसात टेकवलं, तर ते म्हणाले, "आहाहा, पोचलो का आपन?" रुपराव गंजीच्या पायथ्याशी जाऊन आडवा झाला आणि घोरायला लागला. झोपेत पाहता येत नाही, सबब ड वर्ग.

शेवटी प्रयागबाई वर गेली. झोळी नको म्हणाली, शिडीनं चढली. लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला, पदर कमरेला खोचला, तुराट्या फेकून दिल्या. लहानपणी माहेरी, कुहीला, धानाच्या तणसाच्या ढिगावरून ती अशीच घसरायची, तिच्या पायांना ते आठवत होतं. ती निघाली ती सरळ. वाकडी नाही, तिकडी नाही. कानात वारा, तोंडात कापूस, आणि खाली नवरा. नवऱ्याजवळ आली तशी एक फळी उचलून त्याच्यावरून अशी गेली की त्यानं फक्त कूस बदलली. पुढं वजनकाट्यापाशी जाऊन ती थांबली, उभीच्या उभी.

मजुरांनी टाळ्या वाजवल्या. वसंतशेठनं बोलावलेल्या फोटोवाल्यानं नेमका तेवढ्यात खटका दाबला.

"अ वर्ग!" मास्तर ओरडला. "बाई, तुमी कुफरीच्या लायक हा!"

प्रयागबाईला हसू आवरेना. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात तिला पहिल्यांदाच कोणी कशाच्या तरी लायक म्हटलं होतं. घरी येईपर्यंत तिनं मनातल्या मनात सिंधूताईपुढं तीन वेळा डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात अंतिम सभा भरली. भैयाजींनी घसा साफ केला आणि अहवाल वाचला.

"विनंती की, समितीनं सभासदांच्या सर्व गरजा लक्षात घेऊन बर्फस्थळाचा शोध घेतला. बर्फ थंडीविरहित असावा. आहे. उतार असावा, चढ नसावा. झोळीची सोय आहे. जागा नरम असावी. श्री. रुपराव यांनी स्वतः झोपून खात्री केली आहे. उंची नागपूरपेक्षा जास्त नसावी. नाही. साबुदाणा न्यायला सोपं, रात्री आपापल्या गादीवर. सबब, उमरेड रोडवरील कापसाची गंजी हेच मंडळाचं अधिकृत बर्फस्थळ मानण्यात यावं. आणि सहल गेल्या रविवारीच यशस्वीरीत्या पार पडली असं समजण्यात यावं."

टाळ्या पडल्या. बापूजी शेजारच्याला म्हणाले, "म्या त तवाच म्हनलं होतं, पोचलो म्हनून."

प्रयागबाईच्या पायाखालची सतरंजी सरकली. "अन् बर्फ?"

"हाच बर्फ, बाई."

"कापूस होय थो! कापूस!"

"पांढरा हाय," भैयाजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "घसरते. पडलं त आंगाले चिकटते. याच्याहून बर्फ काय वेगळा राह्यते?"

"थंडा राह्यते, जी!"

"त्याले बापूजीची हरकत हाय."

"मंग ज्याले जमते तेवढे त जाऊ द्या! मास्तरच म्हने नं, मी लायक हाय म्हनून?"

सगळ्यांनी मास्तरकडं पाहिलं. मास्तरनं शिट्टीकडं पाहिलं.

"त्याचाही विचार केला हाय," भैयाजी म्हणाले, आणि आवाजात मध आला. "अ वर्गात तुमी एकल्याच. एकल्यासाठी बाकीच्याइले कमीपना वाटते. इंदूबाई दोन दिवस जेवली नाही. मंडळात समता पाह्यजे, बाई. म्हनून तुमाले ब वर्गात उतरवाचं समितीनं सुचवलं हाय. तुमी उभ्या राहू शकता, हे आमी विसरून जाऊ."

"पन मी उभी राह्यली होती!"

"मनावर नोका घेऊ. कोनाच्याही हातून होते."

मग त्यांनी पाकिटातून फोटो काढून तिच्या हातात दिला. काळा-पांढरा फोटो. पांढरा ढिगारा, वर पांढरं आभाळ, मधोमध काष्टा मारलेली प्रयागबाई, पायाला पट्ट्या, अंगाभोवती पांढरे कण उडालेले. संत्र्याच्या पेटीवरची अक्षरं कापसात झाकून गेली होती, वजनकाटा आणि रुपराव चौकटीबाहेर राहिले होते. कुफरीवाल्यानं पाहिला असता तर त्यानंही आपलीच जागा म्हणून ओळखली असती.

"तुमाले सिंधूताईचंच तोंड बंद कराचं हाय नं?" भैयाजी हळूच म्हणाले. "घ्या. झालं बंद."

प्रयागबाई फोटो हातात घेऊन बसली. आतून तळलेल्या खोबऱ्याचा, कढीपत्त्याचा वास येत होता. चाळीस माणसं दाराकडं पाहत होती. शोभाताईचा उपास सुटायची वेळ झाली होती. ती कळवळून म्हणाली, "होऊ दे नं, वं, आता. कायले ताणून राह्यली?"

"ठरावाला कोणाची हरकत? नसल्यास हात वर करावा." भैयाजींनी विचारलं.

आणि प्रयागबाई उठली. ताडकन उठली. "माही हरकत हाय!" म्हणाली. "तुमचा बर्फ तुमीच पिंजून घ्या आन् गाद्या भरा!" फोटोचे चार तुकडे करून तिनं भैयाजींच्या टेबलावर ठेवले आणि तरातरा घरी गेली. दुसऱ्या दिवशी दशम्या बांधल्या, रुपरावला झोपेतच उठवून गाडीत बसवलं, दिल्ली केली, कालका केलं, शिमला केलं आणि कुफरीच्या पहाडावर जाऊन उभी राहिली. बांगड्या मागं सारून तिनं कोपरापर्यंत हात बर्फात घातला. आणि तेव्हा तिला असं वाटलं, असं वाटलं...

आता इथं थांबावं लागेल. एवढं एक मी पदरचं घातलं.

बाई उठली नव्हती. "कोणाची हरकत?" म्हटल्यावर तिचाही मंजुरीचा हात सगळ्यांबरोबर वर गेला होता, फोटोसकट. चिवडा आला. चिवडा चांगलाच झाला होता.

पुढचं पुन्हा खरं. संक्रांतीच्या वाणाला तिनं फोटो सिंधूताईपुढं ठेवला. सिंधूताईनं तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. "माय वं! एवढा बर्फ! बोटं गारठले असन तुहे?" तिनं विचारलं.

"विचारू नोको, वं. वाकतच नव्हते," प्रयागबाई म्हणाली.

त्या दिवसापासून सिंधूताईची शाल ट्रंकेत गेली ती गेलीच. प्रयागबाई जिंकली. बर्फाला हात लावला की कसं वाटतं, ते मात्र तिला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि मलाही नाही, म्हणून वर मला थांबावं लागलं.

तुम्ही एवढं हसू नका. तुमच्या मंडळाच्या मागच्या सभेत "कोणाची हरकत?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि मंजुरीचा हात वर केलात. मी तुमच्या मागच्याच खुर्चीवर होते.